तालमीची इर्जिक

डोळा लागेल लागेल म्हणते आणि लागत नाही. झोप पापण्यांच्या कडेला येऊन बसली आहे, परक्याची शेळी उंबऱ्यात बसावी तशी. आत येत नाही, हुसकली तरी हलत नाही. भर दुपार आहे. मी तालमीतल्या हौद्याच्या काठाला सतरंजी टाकून आडवी झाले आहे. वर पत्र्याला भगदाड पडलंय. त्यातून आलेलं ऊन माझ्या घोट्यावर थांबलंय. पाय ओढून घ्यायला हवा, पण तेवढंही होत नाही.

तालीम म्हणजे खरोखरची कुस्तीची तालीम. एके काळी इथं गावातले पैलवान घुमायचे. मग पोरं लोखंडी जिमकडे वळली आणि ही इमारत रिकामी पडली. मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. पंचांकडून ती मागून घेतली. म्हटलं, शाळेत ज्यांच्या हाताला कधी रंग लागला नाही, त्यांनी इथं यावं. कुणीही यावं.

कुस्तीच्या हौद्यातल्या तांबड्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या ताक, तेल, लिंबू, हळद मुरलेली. त्या मातीला बाईचा पाय लागू नये असा जुना दंडक होता. आता त्याच मातीची पाखरं रहिमतबी करते. तिला दिसत नाही. ती नखानं चोच काढते, पाखरू कानाशी धरते आणि म्हणते, "झालं हे." बाजारात टाळ्या वाजवत फिरणारी चंपा, जिला साडी नेसलेली बघून लोक दार लोटून घेतात, ती आमच्या भिंतीवर मोर काढते. लग्नसराई सरली की मांडववाला सर्जेराव येतो आणि घोडे रंगवतो. त्याच्या सगळ्या घोड्यांना त्याच्याचसारख्या मिशा असतात.

म्हणजे आता नाही. करायची, काढायची, यायचा, रंगवायचा. चैत्रातल्या वावटळीत पत्रे उडाले आणि सगळं थांबलं. मी एकटीनं ताडपत्री बांधली, ती फाटली. एकटीनं धूळ झाडली, ती परत बसली. कचेऱ्यांचे उंबरे एकटीनं झिजवले. जो तो तालमीच्या दारापर्यंत यायचा, मान वर करून भगदाड बघायचा, "लई वंगाळ झालं, बाई" म्हणायचा. मी म्हणायचे, "बघते मी." की तो चपला सरकवून चालता व्हायचा. हळूहळू दारापर्यंत येणंही थांबलं. मी मनाशी धरून बसले की कुणाला काही पडलेलं नाही. होतं तोवर येऊन बसले, गेलं तर गेलं.

आज दिवेलागणीला पंचांपैकी रंगराव किल्ली न्यायला येणार आहे. त्याला इथं खताची पोती ठेवायची आहेत. मी हो म्हणून बसले आहे. हो म्हणताना पोटात काहीतरी तुटेल असं वाटलं होतं. काही तुटलं नाही. नुसती जांभई आली.

ऊन घोट्यावरून पोटरीवर चढतं. बाहेर कुणीतरी हाक घालतंय.

"जुनंपानं कापाऽऽड… भांडीयेऽऽऽ…"

ही हाक मी ओळखते. ही हौसाक्काची. हौसाक्का बोहारीण, जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी. एका दुपारी ती अशीच या दारात ओरडत आली. मी म्हणाले, "आत या, ऊन लागतंय." ती आत आली, बसली, आणि पाटीतल्या चिंध्या काढून त्यांचं एक गाव मांडलं. घरं, विहीर, विहिरीवर भांडणाऱ्या बायका. त्या दिवसापासून ती येतच राहिली. गेल्या पौषात लेकीच्या गावी वारली.

हे सगळं मला ठाऊक आहे. ठाऊक असून मी पडल्यापडल्या म्हणते, "आत ये अक्का, ऊन लागतंय."

ती आत येते. डोक्यावर पाटी, पाटीखाली चुंबळ, कपाळावर घामानं पसरलेलं कुंकू. पाटी उतरवून हौद्याच्या काठावर ठेवते. आत इतकी भांडी, पण एकही वाजत नाही.

"काय हाय का गं जुनं?"

"जुनं काय, मीच आहे."

"तुझ्यावर वाटीसुदीक यायची न्हाई," ती म्हणते आणि माझ्या पायाशी बसते. उन्हाचा तुकडा तिच्या अंगातून आरपार माझ्या पोटरीवर तसाच राहतो.

"अक्का, तू गेलीस ना?"

"गेले की. म्हून काय धंदा सोडू?"

मला हसू येतं, पण ओठांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. मी म्हणते, "मी फार थकलेय, अक्का."

"बघू."

ती माझ्या खांद्याला हात घालते आणि ओढते. थकवा निघून येतो. घडी घातलेल्या लुगड्यासारखा, राखी रंगाचा, घामाचा वास असलेला. ती त्याची घडी मोडते. उलगडते, उलगडते. तालमीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत तो पसरतो. मग भगदाडाच्या उजेडावर धरून बघते, अंगठ्यानं काठ चाचपते, एक दोरा दाताखाली धरून ओढते.

"पोत बरंय. कुठं इरलेलं न्हाई."

"म्हणजे घेतेस?"

"कशाला घिऊ? अजून नेसायजोगं हाय." ती परत घडी घालू लागते. "बाय, केवढा पन्ना हाय हेचा! चौघीजणी नेसल्या तरी उरंल. तू एकटीच गुंडाळून बसलीस. जड न्हाई व्हायचं तर काय?"

"संध्याकाळी किल्ली देतेय मी."

हौसाक्का घडी माझ्या मांडीवर ठेवते, चुंबळ पिळून नीट करते, आणि उठते.

"मग सांजंपातूर मोकळी हाईस. चल, माझा फेरा ऱ्हायलाय."

पाटी आता माझ्या डोक्यावर आहे. कधी चढवली ते कळत नाही. पाटीला वजन नाही, पण मान ताठ ठेवावी लागते. आम्ही तालमीच्या दारातून बाहेर पडतो आणि बाहेर आमची गल्ली नाही. दुसरीच एक गल्ली आहे, लांबच लांब, दोन्ही बाजूंनी घरं. प्रत्येक घराला तालमीचंच दार. तीच चौकट, तोच निखळलेला कोयंडा, चौकटीवर ठोकलेली तीच घोड्याची नाल.

पहिल्या दारात हौसाक्का थांबते. आत चुलीपुढं रहिमतबी बसली आहे. तिच्या बोटांना माती आहे, ओली. चुलीवर काही नाही. तिनं मान एका बाजूला कलती धरली आहे, कान दाराकडं.

"हाक दे," हौसाक्का म्हणते.

"कशाची?"

"तुझं काय ऱ्हायलंय त्याची."

मी घसा साफ करते. तोंड उघडते आणि शब्द येतात ते असे, "सर्वांना कळविण्यात येते की—"

हौसाक्का कमरेवर हात ठेवून हसते. "अगं ए, ही काय शाळंची घंटा हाय व्हय? त्वांड धू आधी!"

रहिमतबी तशीच कान देऊन बसली आहे. दार आपोआप हळू लोटलं जातं, झोपलेल्या मुलावर पांघरूण ओढावं तसं.

दुसऱ्या दारात चंपा. नवी साडी, केसांत अबोली, चपला पायांत न घालता हातात धरलेल्या.

"कुठं निघालीस गं चंपा?" मी विचारते.

"कुठं न्हाई. वाट बघतीया."

"कुणाची?"

ती माझ्याकडं बघते. नजर माझ्या तोंडावर खिळलेली, तोंडातून आणखी काही पडेल म्हणून. माझ्या तोंडातून काही पडत नाही. तेही दार मिटतं.

"अक्का, यांना मी ऐकूच येत नाही का?"

"बोललीस तर यील की. दिसतीस मातर रोज. झाडू मारताना दिसतीस. ताडपत्री वडताना दिसतीस."

चालता चालता पायाखालची फरशी मऊ होते. मी खाली बघते. आम्ही बांधावर आहोत. समोर रान आहे, तांबडं, भेगाळलेलं, आभाळाला टेकलेलं. मातीला ताकाचा आणि लिंबाचा वास आहे. मग मी ओळखते, हा आपला हौदा आहे, पसरत पसरत एवढा झालाय. तालमीचे खांब रानात झाडांसारखे उभे आहेत आणि त्यांच्यावर चंपाचे मोर बसले आहेत.

आणि बांधावर बैल.

चहूबाजूंच्या बांधांवर बैलांच्या जोड्याच जोड्या. शिंगं रंगवलेली, जू मानेवर, जुवाला नांगर अडकवलेले. प्रत्येक जोडीमागं माणूस. तो मिशीवाला सर्जेराव, त्याच्या नांगराला मांडवाचे बांबू जोडलेले. ती रहिमतबी, कासरा मनगटाला गुंडाळून. ती चंपा. आणखीही पुष्कळ जण, भिंतीवर एकदाच पंजा उठवून गेलेले, एखादंच फूल काढून गेलेले. बैल रवंथ करताहेत. त्यांच्या खुरांभोवती गवत गुडघाभर वाढलंय. एकाच्या वशिंडावर बगळा झोपलाय. कुणीही रानात पाऊल टाकत नाही.

"हे कधीपासून उभे आहेत?"

"वावटळ झाली त्या दिसापासनं."

"मग आत का येत नाहीत?"

हौसाक्का बांधावर बसते. कनवटीची मिश्रीची डबी काढते. बोटावर मिश्री घेते आणि माझ्याकडं न बघता विचारते, "तुझ्या बापाला रान हुतं का न्हाई?"

"होतं."

"एखांद्या साली बैल मेला, न्हाईतर दुखण्यानं धरलं, आन् नांगरट मागं ऱ्हायली, तर काय करायचा?"

"इर्जिक."

शब्द उच्चारला आणि मला बाबा दिसतात. हातात टोपी घेऊन दारोदार जाणारे बाबा. "उद्या माझी इर्जिक हाय, या," एवढंच सांगायचे. दुसऱ्या दिवशी ज्याच्या घरी जोडी तो जोडी घेऊन, ज्याला जोडी नाही तो हात घेऊन आमच्या रानात उतरायचा. दिवस मावळायच्या आत रान उलटं व्हायचं. आई पुरणाच्या पोळ्या करून करून घामानं निथळायची. मजुरी कुणाला नाही, उपकार कुणावर नाहीत. आज तुझं रान मागं, उद्या माझं.

"आन् बापानं बोलावलं न्हाई तर?"

उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते जिभेवर यायला घाबरतंय. न बोलावता दुसऱ्याच्या रानात जोडी घालणं म्हणजे तो माणूस संपला, त्याचं रान बेवारशी झालं, असं गावासमोर म्हणणं. इतका अपमान वैरीही करत नाही. एका साली बाबांना संकोच झाला. लागोपाठ दोनदा कसं बोलवायचं म्हणून ते घरात बसले. गाव येता-जाता आमच्या बांधावर थांबायचं, पडीक रान बघायचं, मान खाली घालून पुढं जायचं. त्या साली आम्ही बाजारची ज्वारी खाल्ली.

"पण अक्का," मी म्हणते, "ही काय माझी शेती आहे? ही तालीम तर सगळ्यांचीच."

"असं कुणाला म्हणालीस कवा? त्येंच्या तोंडात काय हाय? 'बाईंची तालीम.' उंबऱ्यात येऊन पत्र्याकडं बघायची ती काय आभाळ बघाया? तुझ्या तोंडाकडं बघायची. आता बोलवील, मग बोलवील. तू म्हनायचीस, बघते मी." ती थुंकते. "बघ मग."

बैलांच्या शेपट्या माशा वारतात. त्याशिवाय कुठं काही हलत नाही. हौसाक्का खालच्या आवाजात जात्यावरच्या चालीनं म्हणू लागते.

बांधाला बैल उभं, नांगर खांद्यावरी
धनिनीची हाक न्हाई, पाऊल टाकू कुण्यापरी

बांधाला बैल उभं, सावली गेली पायाखाली
धनिनीची हाक बाई, व्हटामंदी वाळू झाली

"मी गावोगाव हिंडले," ती मधेच चाल सोडून म्हणते. "इर्जिकीच्या पंगती बांधावरनं बघितल्या. पुरणाचा वास घिऊन फुडं जायाचं. मला कोन बोलावनार? ना रान, ना बैल. तू म्हणालीस, आत या, ऊन लागतंय. तेवढ्यावर मी मरस्तवर येत ऱ्हायले. तुला वाटलं चित्रासाठी यायची म्हातारी?"

"मग कशासाठी?"

"बोलावलं हुतंस म्हून."

मला रडायचं आहे. रडायलाही ताकद लागते. मी पाटी डोक्यावर सावरत उभी राहते.

"दे हाक."

"नाही जमत गं. इथं काहीतरी अडकतं."

"लाज अडकती. माझ्याबी अडकायची. पयल्या दिशी आईनं पाटी दिली डोईवर आन् म्या समदं गाव मुक्यानं फिरून आले. आई म्हनाली, का गं, भांडी काय तुझ्यावतीनं वरडत्याल?"

आता मात्र हसू ओठांपर्यंत येतं.

ती उठते. माझ्या डोक्यावरची पाटी काढून आपल्या डोक्यावर घेते, आणि तिचा तळवा माझ्या पोटावर ठेवते. तळवा गार आहे, मडक्याच्या बुडासारखा.

"हितनं काढायची. शेवटलं अक्षर वडायचं, म्हंजे माडीवरच्यालाबी लागतं. आन् कुनाच्या दाराकडं बघायचं न्हाई, वर बघायचं. दाराकडं बघून घातली की हाकंची भीक हुती."

मी वर बघते. आभाळ फाटक्या पत्र्याच्या आकाराचं आहे.

"इर्जिक हाय…"

हा माझा आवाज नव्हे, मांजराच्या पिल्लाचा आहे. बगळा डोळाही उघडत नाही.

"पोटात काय न्हाई व्हय तुझ्या? वड!"

"इर्जिक हाऽऽय… तालमीची…"

एका बैलाचा कान हलतो. हौसाक्का माझ्या शेजारी मान वर करते आणि तिचा आवाज माझ्या आवाजाच्या खाली येऊन उभा राहतो, चुंबळ पाटीखाली असते तसा.

"इर्जिक हाऽऽऽय! तालमीची इर्जिक हाऽऽऽय! याऽऽऽ…"

घुंगरं वाजतात. आधी एकच माळ, मग बांधाबांधावरून. बगळा उडतो. सर्जेरावाच्या जोडीचा डावा बैल पाय उचलतो, तो पाय हवेत असतानाच मी पुन्हा हाक घालते, आणि पुन्हा, आणि यातली माझी कुठली आणि हौसाक्काची कुठली ते मला कळेनासं होतं. खूर मातीत उतरतो. माती मऊ आवाज करते. तळवा माझ्या पोटावरून निघतो. मी शेजारी बघत नाही, वर बघते आणि ओरडते…

…आणि मी सतरंजीवर उठून बसलेली आहे. तोंड उघडं, मान वर. समोर फाटका पत्रा, त्यापलीकडं निळं, कोरडं आभाळ. हौदा आपल्या मापाचा आहे. ऊन भिंतीवर गेलंय. घसा असा जळतोय की जणू कुणी आतून किसणीनं किसलाय.

बाहेर पावलं वाजतात. पुष्कळ पावलं, आणि काहीतरी लांबलचक दगडावर घासत येतंय.

दारात सर्जेराव. अंगात बनियन, अर्धी दाढी केलेली, उरलेल्या गालावर साबणाचा फेस. खांद्यावर मांडवाची शिडी. शिडीचं मागचं टोक चंपाच्या हातात आणि चंपाचा पदर धरून रहिमतबी.

"हाक दिलीसा न्हवं, बाई?" सर्जेराव धापा टाकत म्हणतो. "इर्जिक म्हणालासा. म्हटलं, आता तर आता. दाढी काय पळून जात न्हाई."

"आईशप्पत, काय वरडताय बाई!" चंपा मागून ओरडते. "बाजारापतूर आवाज! कांदेवाला तागडी टाकून उठला. म्हटलं, एवढ्या दिसांनी बाईंचं त्वांड उघडलं एकदाचं."

"ते ऱ्हाऊ द्या," रहिमतबी म्हणते. "जेवायला काय हाय ते आधी सांगा. इर्जिक म्हंजे पुरन पायजे."

तिघंही उंबऱ्याच्या बाहेर उभी आहेत. सर्जेरावाचे अनवाणी पाय चौकटीला टेकलेले, आत आलेले नाहीत. तिघांची तोंडं माझ्याकडं. रहिमतबीचाही कान.

मला सांगायचं आहे की अहो, मी झोपेत होते. काही नाही, स्वप्न पडलं होतं. उगाच तुम्हाला त्रास, जा आपापल्या कामाला, आता रंगराव येईल आणि मिटेल सगळं. इतकी वर्षं हेच तर सांगत आले. वाक्य तयार आहे. मी तोंड उघडते.

नुसती हवा येते.

पुन्हा प्रयत्न करते. घशातून एक खरखर निघते आणि तीही अर्ध्यात विझते. आवाज उरलेलाच नाही. पोटातून होता नव्हता तेवढा सगळा बाहेर जाऊन गल्लीत, बाजारात, कांदेवाल्याच्या तागडीपर्यंत पसरलाय, आणि परत बोलावून घ्यायला माझ्याजवळ काहीही नाही.

"बाई?" सर्जेराव विचारतो.

शिडी लांब आहे, दारातल्या वळणावर अडणार. मी उठते. गुडघे कुरकुरतात. उंबऱ्याशी जाऊन शिडीचं पुढचं टोक दोन्ही हातांनी धरते, आणि पाठीमागं न बघता एकेक पाऊल मागं सरकत त्यांना आत घेते.